मोटारीच्या दर्शनी काचेची निगा

सकाळी कार्यालये उघडण्याच्या सुमारास तालुक्याच्या कोणत्याही शासकीय आवारात एक दृश्य हमखास दिसते. चालक गाडीतून पिवळे फडके काढतो, ते दोनदा झटकतो आणि रात्रभर साचलेली धूळ समोरच्या काचेवरून गोल हात फिरवून पुसून टाकतो. काच चकचकीत दिसू लागते. ही सवय कामसूपणाची खूण समजली जाते आणि ती तशी आहेही. तथापि दर्शनी काचेचे सर्वांत अधिक नुकसान होते ते याच कोरड्या फडक्याने.

वास्तविक सुती फडके काचेहून कितीतरी मऊ असते. ते स्वतः काचेवर ओरखडा पाडू शकत नाही. ओरखडा पडतो तो फडक्याखाली सापडलेल्या धुळीच्या कणाने. खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोह्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तयार केली, तीत नेहमीच्या काचेचे काठिण्य सुमारे साडेपाच, तर गारगोटीचे सात मानले जाते. अधिक कठीण वस्तू कमी कठीण वस्तूवर चरा पाडते, हा साधा नियम येथे लागू पडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पार हे खनिजदेखील सहाच्या आसपास असते. भंडारा, गोंदिया, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जुन्या खडकांत तर गारगोटीचे प्रमाण बरेच असते. नदीची वाळू, खडी केंद्रांची भुकटी आणि बांधकामाची धूळ यांची गणनाही याच वर्गात करावी लागेल. अशी धूळ बसलेल्या काचेवरून कोरडे फडके दाबून फिरवणे म्हणजे नकळत पॉलिश कागदच फिरवण्यासारखे होय.

रात्रीचा धोका

हे ओरखडे दिवसा सहसा नजरेस येत नाहीत आणि म्हणूनच ते उपेक्षित राहतात. त्यांचा उपद्रव जाणवतो तो सूर्यास्ताच्या वेळी समोरून तिरपे ऊन आले असता आणि रात्री समोरच्या वाहनाचे दिवे डोळ्यांवर आले असता. प्रत्येक सूक्ष्म चरा प्रकाश विखुरतो, असे शेकडो चरे मिळून काचेवर एक पांढुरके जाळे उभे राहते आणि त्याआड कडेने चाललेला पादचारी, दिवा नसलेली बैलगाडी वा उसाची ट्रॉली काही क्षण दिसेनाशी होते. रात्री रुग्ण घेऊन जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेच्या बाबतीत या काही क्षणांचे मोल किती, हे सांगावयास नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये दर्शनी काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार आला पाहिजे आणि काच त्या स्थितीत राखलीही पाहिजे. मात्र ओरखड्यांनी प्रकाशाचे प्रमाण फारसे घटत नाही, तो केवळ भरकटतो. त्यामुळे मोजमापात उतरणारी काचही रात्री निकामी ठरू शकते.

आधी पाणी, मग हात

काच धुण्याचा क्रम याच एका गोष्टीवरून ठरतो. हात लावण्यापूर्वी धूळ पाण्याने वाहून गेली पाहिजे. गाडी सावलीत उभी करून काच निवू द्यावी. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणी ओतल्यास, विशेषतः खडा लागून टवका उडालेला असल्यास, तेथून तडा पुढे सरकण्याचा संभव असतो. नंतर वायपर उचलून छताच्या कडेपासून पाण्याची संथ धार सोडावी. त्यानंतर मऊ फडके साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून, हाताचा भार न देता, वरून खाली न्यावे. फडके वारंवार स्वच्छ पाण्यात पिळावे. ते जमिनीवर पडल्यास पूर्ण धुतल्याखेरीज पुन्हा वापरू नये. चाके व मडगार्ड पुसण्याचे फडके काचेला लावणे तर कटाक्षाने टाळावे. अनेक ठिकाणी एकच बादली आणि एकच फडके सर्व गाडीसाठी वापरले जाते, तेथेच घात होतो.

टँकरने पाणी पुरवल्या जाणाऱ्या गावात गाडी धुण्यास पाणी मागणे कोणासही प्रशस्त वाटणार नाही. परंतु नुसत्या काचेला फार पाणी लागत नाही. दोन लिटरची बाटली वरून सावकाश ओतली तरी बरीचशी धूळ उतरते. तेवढेही पाणी नसेल, तर दृष्टीआड न येणारी पातळ धूळ एक दिवस तशीच राहू देणे हे कोरडे पुसण्यापेक्षा बरे.

भांडी घासण्याचा काथ्या, राख, तारेची घासणी आणि खरखरीत हिरवी घासणी ही काचेची उघड शत्रू होत. धुण्याची पावडर वापरावयाचीच असेल, तर ती आधी पाण्यात पूर्ण विरघळवावी. न विरघळलेले खडे काचेवर घासू नयेत. वर्तमानपत्राचा कागद धुतलेल्या ओल्या काचेवर चालतो, धुळीच्या काचेवर नाही. चिकटलेले किडे व पक्ष्यांची विष्ठा नखाने खरवडण्याऐवजी त्यांवर ओले फडके दहा मिनिटे पसरून ठेवावे, म्हणजे ती आपोआप सुटतात. डांबराचा ठिपका फडक्यावर किंचित रॉकेल घेऊन काढावा आणि ती जागा लगेच साबणाने धुवावी. रॉकेल रबरास लागू देऊ नये. विंधन विहिरीच्या दुष्फेन पाण्याचे थेंब वाळून जे पांढरे डाग पडतात, ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात. असे पाणी वापरल्यास काच वाळण्यापूर्वीच पुसून घेणे उत्तम.

वायपरची पट्टी

फडक्याच्या खालोखाल दोष येतो तो वायपरकडे. उन्हाने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, त्यांत रेती अडकते आणि कधी आतील धातूची कडही उघडी पडते. मग काचेवर कमानीच्या आकाराचा कायमचा चरा उमटतो. हिवाळ्यात पहाटे दवाने धुळीचा चिखल झालेला असता थेट वायपर सुरू करणे हेही तितकेच अपायकारक. काच धुताना ओल्या फडक्याने पट्टीची कडही पुसावी आणि ताठर झालेली पट्टी पावसाळ्यापूर्वी बदलावी. पट्टीची किंमत काचेच्या किमतीपुढे नगण्य असते. तरीही ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर वा शाळेच्या बसवर ती वर्षानुवर्षे तशीच राहिलेली आढळते. पावसात पाणी काचेवर ठरू नये म्हणून तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याचा जुना उपाय मालमोटारींच्या चालकांत प्रचलित आहे. तो धुतलेल्या काचेवर केला तर त्यापासून अपाय नाही. चिखलाच्या काचेवर केला तर बटाट्याखालीही रेतीच असते.

शाळेत हा विषय दाखविणे शिक्षकांना सहज शक्य आहे. कडा घासून बोथट केलेला टाकाऊ काचेचा तुकडा घेऊन त्याच्या एका अर्ध्या भागावर वाळू टाकून कोरडे फडके शिक्षकांनी स्वतः फिरवावे, दुसरा अर्धा भाग पाण्याने धुऊन पुसावा आणि अंधाऱ्या खोलीत त्यामागे विजेरी धरावी. रात्री चालकाला काय दिसते, ते मुलांना एका दृष्टिक्षेपात कळते.

ओरखडा पडल्यानंतर मात्र उपाय थोडे आहेत. नख फिरविले असता ते अडकत असेल, तर चरा खोल आहे असे समजावे. तो घासून काढण्याच्या प्रयत्नात काचेला उथळ खळगा पडतो आणि रस्ता वेडावाकडा दिसू लागतो. म्हणून चालकाच्या दृष्टीसमोरील असा चरा घासण्याच्या भरीस न पडता काच बदलणेच श्रेयस्कर. नवी काच बसविताना तिच्याबरोबर वायपरच्या पट्ट्याही नव्या घालाव्यात. जुनी पट्टी पहिल्याच पावसात नव्या काचेवर आपली जुनी रेघ ओढू लागते.