कपबशी वेगळी नको, खिडकी उघडी हवी!

तीन आठवडे झाले तरी माझ्या धाकट्या जावेचा खोकला हटेना. आलं-मधाचं चाटण झालं, ज्येष्ठमधाचा काढा झाला. संध्याकाळी बारीक ताप यायचा, ब्लाउज अंगावर ढिले पडू लागले. शेवटी थुंकी तपासली. क्षय निघाला.

सासूबाई म्हणाल्या, "बाहेर कुणाला कळता कामा नये!" आणि मी? बी. ए. झालेली, शाळेत मुलांना आरोग्याचे धडे देणारी. पण त्याच संध्याकाळी तिची कपबशी मी गुपचूप वेगळी ठेवली. तिनं ते पाहिलं. बोलली काही नाही, पण रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "अहो, फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, कपबशीतून नाही! खिडक्या उघडा आधी!"

मैत्रिणींनो, ही वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून आम्ही काय केलं ते सांगते.

सुरुवातीला तिला हवेशीर खोलीत एकटीला झोपवलं. माणसांत येताना तोंडाला मास्क, थुंकीसाठी झाकणाचा डबा. औषधं नियमित सुरू झाली की बहुतेकांच्या बाबतीत साधारण दोन आठवड्यांत लागण पसरण्याची भीती खूपच कमी होते. तरी डॉक्टर सांगेपर्यंत काळजी घ्यावी. भांडी, कपडे नेहमीसारखेच धुवावेत.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. आजार नसला तरी घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना, डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. ते टाळू नये.

साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा. गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या औषधांमुळे त्यांचा परिणाम कमी होतो.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. शिवाय 'निक्षय पोषण योजने'त नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. त्यात आम्ही अंडी, डाळी, शेंगदाणे, दूध आणलं.

दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. मग बाईसाहेब म्हणतात, "ताई, आता कशाला गोळ्या?" खरा धोका इथंच! औषध अर्धवट सोडलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि उपचार अवघड होऊन बसतो. रोज सकाळी मी तिच्यासमोर बसू लागले. तिची गोळी, माझा चहा. तिचाही चहा, आमच्या नेहमीच्याच कपबशीत.

आता ती ठणठणीत आहे. पण मनात येतं, तीन आठवडे आम्ही तिचा खोकला नुसता ऐकत होतो. घरच्या बाईचं दुखणं घराला सगळ्यांत शेवटी दिसतं. तेव्हा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर काढा राहू द्या. आधी थुंकी तपासून घ्या.