बंद घराची किल्ली हाती घेताना

तुमच्या वाडीत आज किती घरांना कुलूप आहे, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. कोकणात तर एकेका वाडीत दहापैकी चार-पाच घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर उघडतच नाहीत. मालक मुंबईला, पुण्याला. घर जांभ्याचे, ओटी-पडवी शाबूत, परड्यात माड, पोफळी. राखण करायला शेजारचा एखादा भाऊ. तो पावसाआधी कौले परतवून घेतो, घरपट्टी भरतो, दिवाबत्ती करतो. मोबदला काय? मालक आला की मिठाईचा पुडा आणि "तू आहेस म्हणून निर्धास्त आहे" हे शब्द.

आता मात्र या घरांना मागणी येऊ लागली आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपा विमानतळ सुरू झाला. पर्यटक केवळ तारकर्लीचा किनारा पाहून थांबत नाही. त्याला दोन दिवस गावच्या घरात राहायचे असते. एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर मालक मुंबईत बसून आपले घर दिवसाच्या भाड्याने देऊ शकतो. पण पाहुणा रात्री नऊला स्टेशनवर उतरला, तर कुलूप कोण उघडणार? पंप बंद पडला, तर वायरमन कोण आणणार?

हे काम करणाऱ्याला सहयजमान म्हणतात. घर मालकाचे, व्यवहार मालकाच्या नावावर, आणि गावातली सगळी व्यवस्था सहयजमानाकडे. एअरबीएनबीवर मालक आपल्या खात्याला सहयजमान रीतसर जोडू शकतो. त्याला संपूर्ण अधिकार द्यायचे, फक्त निरोप आणि तारखांचे द्यायचे, की नुसत्या तारखा दाखवायच्या, हे मालक ठरवतो.

काम काय असते?

वरवर पाहता काम सोपे वाटते. प्रत्यक्षात एक पाहुणा गेला आणि दुसरा यायचा, या मधल्या चार तासांत खरी कसोटी लागते. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल बदलणे, संडास-न्हाणी धुणे, टाकी भरणे, गॅस पाहणे, मोडतोड झाली असेल तर त्याचा फोटो काढून मालकाला पाठवणे. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून चादरींचे किमान तीन जोड हवेत. माकडांनी कौल फोडले तर त्याच दिवशी बदलले पाहिजे. पाहुणा फोन करील तेव्हा तो उचलला पाहिजे, मग तुम्ही भातलावणीत असा की आंब्याच्या काढणीत. मे महिन्यात तुमच्या बागेचा आणि पाहुण्यांचा हंगाम एकच येतो. घरात दुसरे हात असतील तरच हो म्हणा.

आणखी एक. गणपतीत आणि शिमग्यात मालक स्वतः सहकुटुंब येणार. त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून ठेवा. नाहीतर एकीकडे मखर आणि दुसरीकडे दारात पाहुण्यांची गाडी, अशी फजिती व्हायची.

हिशेब मांडून पाहा

केवळ समजण्यासाठी एक आकडेमोड करू. समजा, घराचे भाडे रात्रीला २,५०० रुपये आहे आणि वर्षात ६० रात्री भरल्या. एकूण दीड लाख झाले. तुमचा वाटा शेकडा २० ठरला तर ३० हजार. पाहुणे ३० वेळा आले असतील, तर एका खेपेला तुमच्या वाट्याला हजार रुपये येतात. त्यातून मदतीच्या बाईंची मजुरी, साबण, धुलाई आणि पेट्रोल गेले की हाती किती राहणार, ते तुम्हीच सांगा! म्हणून सफाईचे पैसे दर खेपेला वेगळे ठरवा. ते शेकड्यात बुडवू नका. शेकडा एकूण भाड्यावर, की संकेतस्थळाची कपात गेल्यानंतरच्या रकमेवर, हेही आधी बोलून घ्या.

एका घरावर संसार चालत नाही, ही गोष्ट उघड आहे. पण चालत जाता येईल अशा अंतरावरची तीन-चार घरे मिळाली तर शेतीला बरा आधार होतो. जेवणाचा हिशेब निराळा ठेवा. घावने, कोंबडी-वडे, सोलकढी करून देण्याचे काम वाडीतल्या बचत गटाला मिळाले तर पैसा चार घरांत जातो. मात्र त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी.

कूळ लागण्याची भीती

मालक किल्ली द्यायला का कचरतो, हे गावात कोणाला सांगायला नको. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला जमीन कसणारी कुळे मालक ठरली. त्या कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला. पण "दुसऱ्याच्या हाती दिले की गेले" ही धास्ती जमीनवाल्यांच्या मनात आजतागायत राहिली आहे. घर पडून मोडले तरी चालेल, पण किल्ली नको, असे म्हणणारे आहेत.

खरे पाहता कूळकायदा शेतजमिनीचा आहे. घर सांभाळणाऱ्याला त्याने मालकी मिळत नाही. गोव्यातील एका घराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे की, राखणदार किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. ही गोष्ट मालकाला तुम्ही आपण होऊन सांगा. "ताबा मालकाचाच, माझे काम फक्त व्यवस्थेचे" हे वाक्य करारात स्वतः घाला. तुम्हीच ते घातलेत, तर त्याचा अर्धा संशय तिथेच जातो.

दुसरी अडचण भाऊबंदकीची. घर अजून आजोबांच्या नावावर, वारस सात, त्यांतला एक भाऊ किल्ली देतो. दोन वर्षे बरे चालते. मग दुसरा भाऊ दारात येऊन विचारतो, "तुला कोणी सांगितले?" भांडण त्यांचे, आणि गावात नाव खराब होते तुमचे. म्हणून ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा पाहा, जमिनीचा सातबारा पाहा आणि सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती असल्याशिवाय किल्ली घेऊ नका. मालक कितीही जवळचा असो, योग्य मुद्रांकावर करार करा. त्यात वाटा, सफाईचा दर, दुरुस्ती किती रुपयांपर्यंत न विचारता करायची, मोडतोड कोणी भरायची, आणि काम सोडायचे तर किती दिवस आधी सांगायचे, एवढे तरी असावे. विक्रीचे अधिकार असलेले कुलमुखत्यारपत्र मात्र कोणी देऊ केले तरी घेऊ नका.

पाहुणा कधी हळूच म्हणतो, "पुढच्या वेळी परस्पर येतो, थोडे कमी करा." मालकाला न सांगता असे पैसे घेतलेत की विश्वास संपला. मुंबईतल्या मंडळात ती बातमी आठवड्यात पोचते, आणि मग तुमच्या हाती कोणी किल्ली देत नाही.

सरपंच आणि अधिकाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीने या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. कोणते घर भाड्याने जाते, याची नोंद ठेवावी, घरपट्टीचा दर नियमाप्रमाणे ठरवावा आणि ना हरकत दाखल्यासाठी माणसाला खेपा घालायला लावू नये. पाहुण्यांचे ओळखपत्र आणि नोंदवही पोलीस पाटलांनी अधूनमधून पाहावी. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती देणे बंधनकारक आहे, हे सहयजमानाला समजावून सांगावे.

योजनांच्या बाबतीतही गल्लत होते. केंद्राच्या 'अतुल्य भारत' निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे लागते. म्हणजे कुलूपबंद घर त्यात बसत नाही. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर केलेल्या केंद्रासाठी आहे. आपले घर कशात बसते, ते पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारूनच अर्ज करावा.

पाणी आणि कचरा हे विषय ग्रामसभेत जरूर काढा. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला असताना एका घरात दहा पाहुणे दोनदा आंघोळ करू लागले, तर वाडीत कुरकुर होणारच. पाहुण्यांची संख्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवा.

येत्या गणपतीला चाकरमानी गावात येतील. आरती झाल्यावर ओटीवर बसाल, तेव्हा हा विषय सगळ्या भावांसमोर एकदम काढा, आणि कराराचा मसुदा खिशात ठेवूनच काढा.