प्रयुक्त होतोस का रे?

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला दोन माणसं लागतात. एक प्रयोगकर्ता, म्हणजे विद्यार्थी. दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो बिचारा. वर्गातल्या मैत्रिणी टाळायला लागल्या की घरातली माणसं धरायची. उसाला पाणी देऊन आलेल्या चुलत्याला बसवून म्युलर-लायरच्या दोन रेषा दाखवल्या, तर तो एकीला ठामपणे लांब म्हणतो. पट्टी लावून दोन्ही सारख्या असल्याचं दाखवलं, तरी डोळा ऐकत नाही. 1889 सालचा हा भ्रम. त्यात शिकलेलाही फसतो आणि न शिकलेलाही.

विषयाची गोडी बहुतेकांना इथे लागते. आधी नव्हे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात बारावीनंतरची ओढ शास्त्र शाखेकडे, नाहीतर भरतीच्या तयारीकडे. कलेला आलेल्या मुलाला इतिहास-राज्यशास्त्राच्या शेजारी मानसशास्त्र दिसतं, आणि 'यूपीएससीला ऐच्छिक म्हणून चालतो' एवढ्यावर ते घेतलं जातं. 1962 साली सुरू झालेल्या बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो.

मात्र काहींचं कारण प्रवेशअर्जावर लिहिण्यासारखं नसतं. घरात कुणी वर्षानुवर्षं झोपत नाही, कुणाची दारू सुटत नाही, कुणाला आधी देवऋषाकडे नेलेलं असतं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, येरवड्याचं मनोरुग्णालय तर त्याच्याही आधीचं. पण इंदापूरहून तिकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि 'कुठं गेला होता' याचं उत्तर गावात द्यावं लागतं ते वेगळंच. घरातलं हे कोडं समजून घ्यायला आलेली मुलं वर्गात कमी बोलतात, पण विकृतीच्या प्रकरणाला कान टवकारतात.

गरज मोठी आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. ज्या 12 राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी हा आकडा आपल्याकडच्या भाषणांत सर्रास वापरतात.

घोटाळा होतो तो पदवीनंतर. बीए झालं की 'वेड्यांचा डॉक्टर' होता येतं, असा घरच्यांचा समज. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसच्या वाटेने येतो. 2019 साली सुरू झालेलं बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ती वाट. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण आणि तिथली नोंदणी हवी. त्याच्या जागा मोजक्या, खर्च शहरातला. म्हणून बरेच जण एमए करून समुपदेशनाकडे, नाहीतर बीएड करून शाळेकडे वळतात.

आणि तोवर गल्लीत ओळख झालेलीच असते: "काय गं, मनातलं ओळखतेस म्हणे? सांग बरं, मी काय जेवून आलोय?"