पत्रा, कागद आणि तीन सिलिंडर

नागपुरात जुन्या मोटारींची खरेदी-विक्री कशी चालते, आणि बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाने या व्यवहारात उतरताना कोणती दक्षता बाळगावी, याविषयी सविस्तर लिहावे अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा कोणत्या गाडीवर लिहावे याचा विचार मला फारसा करावा लागला नाही. नव्या दुचाकीच्या किमतीच्या आसपास मिळणारी, लिटरमागे १६ ते १८ किलोमीटर चालणारी, सीताबर्डीच्या गर्दीतून आणि महालातील अरुंद गल्लीतून सारख्याच सहजतेने वळणारी मारुती ८०० हीच आजही येथील किती तरी निवृत्त शिक्षकांची, परिचारिकांची आणि इतवारीतील लहान दुकानदारांची पहिली मोटार असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला असता वृद्ध आईला स्कूटरच्या मागे बसवून दवाखान्यात नेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला डोक्यावरच्या छपराचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

या गाडीचा अधिकृत इतिहास सर्वश्रुत आहे. १९७१ मध्ये निघालेली आणि जनतेची मोटार जनतेपर्यंत न पोचवताच बुडालेली मारुती कंपनी सरकारने १९८० मध्ये ताब्यात घेतली. १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाला, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तोवर मोटार म्हणजे ॲम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी, असाच मध्यमवर्गाचा समज होता. १९८६ मध्ये गाडीला आज आपल्या परिचयाची असलेली आकृती मिळाली, २००० च्या सुमारास कार्बुरेटर जाऊन इंजेक्शनची व्यवस्था आली, आणि २५ लाखांहून अधिक गाड्या बनवून झाल्यावर २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन कायमचे थांबले.

या इतिहासातील एक तपशील मात्र नागपूरकर गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चारचे प्रदूषण-नियम प्रथम ज्या १३ शहरांत लागू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, नागपूर नव्हते. नव्या नियमांसाठी ८०० चे इंजिन सुधारून घ्यायचे नाही असे कंपनीने ठरवल्यामुळे पुण्या-मुंबईत तिची विक्री बंद पडली, परंतु नागपुरात ती त्यानंतरही चालू राहिली. म्हणून २०११ किंवा २०१२ साली कोरी घेतलेली, एम.एच. ३१ अथवा एम.एच. ४० क्रमांकाची, एकाच मालकाच्या हातची ८०० येथे आढळू शकते. अशा गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०२६ आणि २०२७ मध्ये संपते, आणि मुदत जवळ आली की गाडी काढून टाकण्याकडे मालकाचे मन झुकते, ही गोष्ट विकणाऱ्याने न सांगितली तरी घेणाऱ्याने विसरू नये.

परंतु मला या विषयात खिळवून ठेवले ते इतिहासाने नव्हे. घाट रोडकडील एका गल्लीत, टिनाच्या छपराखाली, गेली अनेक वर्षे जवळजवळ याच एका गाडीचे काम करीत आलेल्या एका मिस्त्रीने. लोक गाडी घेण्यापूर्वी त्याला दाखवायला आणतात. पाहणीची त्याची पहिली अट अशी, की इंजिन थंड असले पाहिजे. आणण्यापूर्वीच ते तापवलेले असेल तर तो गाडीला हात लावीत नाही. “गाडी थंडी असू द्या, भाऊ,” तो म्हणाला, “गरम करून आणली असन, तं काहीतरी लपवून रायला समजा.” सकाळच्या पहिल्या चावीला जी गाडी निळा धूर टाकून मग शांत होते, तिच्या व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात, वेग वाढवताना सतत निळा धूर सोडते, तिच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी सिलिंडरात शिरते आहे असे समजावे. गाडी आधीच तापवून आणली की या साक्षींपैकी पहिली तर नाहीशीच होते.

इंजिन लहान आहे: ७९६ घनसेंटिमीटर, तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. चार सिलिंडरांच्या इंजिनात एक निकामी झाले तर चौथा हिस्सा शक्ती जाते; येथे तिसरा हिस्सा जातो, आणि उभ्या गाडीची थरथर सुकाणूपर्यंत येऊन पोचते. मिस्त्री जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत एकेका प्लगची वायर क्रमाने काढून इंजिनाच्या आवाजाकडे कान देतो. वायर काढताच आवाज खाली बसला, तर ते सिलिंडर आपला वाटा उचलीत होते. काहीच फरक पडला नाही, तर ते आधीच निकामी होते. मग प्लग काढून तो उजेडात धरतो. टोक बिस्किटाच्या रंगाचे असले की तो समाधानाने मान हलवतो. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक जाते, ओला तेलकट काळेपणा म्हणजे तेल वर चढते. ज्या निदानासाठी नव्या गाड्यांना संगणकाची वायर जोडावी लागते, ते हा माणूस कान, नाक आणि बोटांची टोके यांच्या आधारे करतो, आणि त्याचे निदान मी चुकलेले पाहिले नाही.

त्याच्या सगळ्या पाहणीत सर्वाधिक वेळ जातो तो पाण्याच्या चक्रावर, आणि नागपूरच्या हवेत तसा तो जायलाच हवा. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. एकदा का पाणी कमी होऊन ते अतिशय तापले, की ते किंचित वाकते, गॅस्केट जळते, आणि तेथून पुढे दुरुस्तीला अंत राहत नाही. म्हणून तो रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन चालू करवतो आणि पाण्यात बुडबुडे उठतात का ते पाहतो. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सायीसारखा पांढुरका थर असला, तर पाणी तेलात मिसळले आहे असे धरून चालतो. त्यानंतर तो पंख्याकडे वळतो. रेडिएटरचा विजेचा पंखा पाणी ठरावीक उष्णतेला पोचल्यावर आपोआप सुरू व्हावा आणि निवल्यावर थांबावा, अशी मूळ रचना आहे. परंतु उन्हाळ्यात गाडी तापू लागली की कारण शोधण्याऐवजी पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याची, म्हणजे चावी फिरवताच तो अखंड चालेल अशी वायर जोडण्याची रीत फार पसरलेली आहे. त्याच्या जोडीला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला जातो. गाडी तापत नाही, गिऱ्हाईक खूश होते. पण डिसेंबरच्या थंडीत इंजिन योग्य उष्णतेला पोचतच नाही, पेट्रोल अधिक जळते, आणि जिच्या काटकसरीसाठी गाडी घेतली ती काटकसरच मालकाच्या नकळत नाहीशी होते. शिवाय चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला पाण्याचा पंप या अखंड पंख्याच्या आड लपून राहतो. पंखा डायरेक्ट केलेली गाडी वाईटच असते असे मिस्त्री म्हणत नाही; तिला काय लपवावे लागले, ते मात्र विचारून घ्या, असे बजावतो.

इतके सारे इंजिनासंबंधी सांगून झाल्यावर त्याने जे सांगितले, ते या व्यवहाराचे सार आहे असे मी मानतो. “इंजिन मी बनवून देतो, भाऊ. पत्रा कोण बनवून देईन? अन् कागद तं माह्या हातातच नाही.” इंजिनाच्या सुट्या भागांची चणचण नाही, कारण याच कुळाचे इंजिन घेऊन ऑम्नी ही गाडी २०१९ पर्यंत बनत राहिली. गिऱ्हाईक मात्र नेमके उलट्या क्रमाने पाहते: आधी रंग, मग आवाज, मग बैठका, आणि कागद शेवटी.

पत्र्याच्या बाबतीत विदर्भाची गाडी मुंबई-कोकणातील गाडीहून सामान्यतः बरी असते. येथे समुद्राची खारी हवा नाही. येथला शत्रू सूर्य आहे. तो रबर खातो, पत्रा नव्हे, आणि म्हणून पाण्याच्या नळ्या, दारांची रबरे आणि टायर यांवरच्या भेगा बारकाईने पाहाव्यात. तथापि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि असंख्य मोटारी बुडाल्या, तेव्हापासून शहरात कोरड्या हवेचा हा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून, बैठकांना नवी कापडे चढवून विकता येते. परंतु सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर त्याच्या गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ सापडते, आणि पायाखालचे रबर उचलले तर सांध्यांत माती व गंज दिसतो. रंगाखाली पुट्टी किती आहे ते साध्या लोहचुंबकाने कळते; जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्रा नाही.

यापुढचा विषय कागदांचा, आणि येथे माझी चिंता सुरू होते. मोटार वाहन कायद्यान्वये खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून घेऊन पाच वर्षांसाठी ती वाढवावी लागते. हे नूतनीकरण एप्रिल २०२२ पूर्वी ६०० रुपयांत होत असे. तेव्हापासून ते ५,००० रुपयांचे झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपयांचे. विलंबाच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये, शिवाय राज्याचा पर्यावरण कर, नवी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, आणि वर्षाकाठी २,०९४ रुपयांचा त्रयस्थ-विमा. गाडीच्या किमतीशी ताडून पाहता ही रक्कम लहान नाही. विक्रेता जी किंमत सांगतो तीत यांपैकी काहीही धरलेले नसते.

हस्तांतराचे नमुने २९ आणि ३० भरून देऊन नाव लवकर बदलून घेण्याविषयी दोन्ही पक्ष उदासीन असतात, आणि ही उदासीनता विक्रेत्याला अधिक महागात पडते. कारण नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. कर्ज फिटले असूनही बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकातून उतरवलेला नाही, गॅस-किट बसवले पण त्याची नोंद नाही, असे दोषही वारंवार आढळतात. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांना बंदी झाल्यापासून तेथील गाड्या ना-हरकत दाखला घेऊन परप्रांतांत जातात. तशी गाडी स्वस्तात समोर आली तर दाखला, चेसिस क्रमांक आणि येथे भरावा लागणारा कर या तिन्ही गोष्टींचा मेळ लागल्याशिवाय इसार देऊ नये.

दुसरी चिंता पेट्रोलचीच आहे. पंपावर आज जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आणि धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या धोरणाला अर्थ आहे, आणि त्याचा आग्रहाने पुरस्कार करणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार आहेत. परंतु इथेनॉलरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या मोटारींची कार्यक्षमता अशा इंधनावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. म्हणजे १६ किलोमीटर देणारी गाडी १५ देईल. त्याहून गंभीर बाब अशी, की जुन्या कार्बुरेटरमधील पडदे, पंपाची रबरे आणि इंधनाच्या नळ्या या द्रवासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या बदलून घेणे हा आता खरेदीचाच एक भाग मानला पाहिजे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरून ठेवणेही हितावह नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी चिंता जिवाची. या गाडीचे वजन अवघे ६५० किलोच्या आसपास. तिला एअरबॅग नाही, चाकांना एबीएस नाही. तिच्याच कुळातील आल्टो ८०० च्या एअरबॅग नसलेल्या मोटारीला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही, आणि ८०० ही तिच्याहून जुनी रचना आहे. अशा गाडीतून नागपूरहून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर गेलेल्या समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, कुटुंबासह जाणे मला अविचाराचे वाटते. चारच गियरांचे इंजिन तेथे तासन्‌तास कमाल फेऱ्यांवर ओरडत राहते, आणि सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर १२ इंची लहान चाके अधिक वेगाने फिरून अधिक तापतात. टायरवर लंबवर्तुळात कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१८ असे असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि खाचा कितीही खोल दिसोत, नागपूरची इतकी उन्हे खाल्लेला टायर टाकून दिला पाहिजे.

मग ही गाडी घ्यावी की नाही? ज्याचे जाणे-येणे शहरात आणि फार तर रामटेक-कळमेश्वरपर्यंत आहे, ज्याला विश्वासू मिस्त्री आहे, आणि जो किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी व शुल्कासाठी बाजूला ठेवू शकतो, त्याने ती अवश्य घ्यावी. मात्र २००० नंतरची इंजेक्शनची, नोंदणीचे नूतनीकरण झालेली, आणि पंखा आपोआप सुरू होऊन आपोआप थांबणारी. ज्याला दर महिन्याला महामार्गाने गावी जायचे आहे, त्याने आणखी काही काळ पैसे साठवून एअरबॅग असलेली गाडी घ्यावी. तोवर एसटी आणि रेल्वे अधिक सुरक्षित आहेत. आणि शासनाकडे एक मागणे आहे. जुन्या गाडीवर वयानुसार चढते शुल्क लावताना तिच्या प्रत्यक्ष स्थितीची कसून आणि प्रामाणिक तपासणी झाली पाहिजे. निर्दोष गाडीला मुदत मिळावी, सडलेल्या पत्र्याच्या गाडीला कितीही पैसे भरले तरी मिळू नये. नुसते वय मोजून गरीब गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि रस्ता सुरक्षित होत नाही. ती तपासणी कशी करावी हे शिकवू शकणारी माणसे या शहरातील टिनाच्या छपरांखाली अजून काम करीत आहेत. परिवहन विभागाने त्यांना बोलावून घ्यावे.