मोरीवाटे वाहून जाणारें धन



आजचा विषय जेवतांना काढण्याजोगा नाहीं. परंतु जेवणाशींच त्याचा निकटचा संबंध आहे. तेव्हां नाक न मुरडतां ऐकावें, एवढीच विनंति.

इ. स. १६६९ च्या सुमारास जर्मनींतील हांबुर्ग शहरीं हेनिग ब्रांड नांवाचा एक किमयागार मानवी मूत्र आटवून त्यांतून सोनें काढण्याच्या खटपटींत होता. सोनें मिळालें नाहीं. अंधारांत मंद तेजानें चमकणारा एक पदार्थ मात्र हातीं लागला. तोच फॉस्फरस. आपल्या शेतकीच्या पुस्तकांत त्यालाच स्फुरद म्हणतात. आपल्या हाडांत व दांतांत तें आहे. त्यावांचून कणसांत दाणा भरत नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरें कोणतेंही द्रव्य चालत नाहीं.

नत्रवायु हवेंतून मिळवितां येतो. स्फुरद खाणींतील दगडांतूनच काढावें लागतें. त्या दगडाच्या ज्ञात सांठ्यांचा फार मोठा भाग एकट्या मोरोक्कोकडे आहे, आणि आपला देशही तो दगड बहुतांशीं बाहेरूनच आणतो. शेतांतून धान्यांत व धान्यांतून पोटांत आलेलें हें स्फुरद दरवर्षीं माणशीं सुमारें अर्धा किलो मोरीवाटे निघून जातें. पूर्वीं मैल्याचें सोनखत होऊन तें शेतांत परत जात असे. पाण्याच्या संडासांनीं रोगराई हटविली, हे त्यांचे मोठेच उपकार; परंतु शेताचें येणें मात्र बुडालें. शिवाय तेंच स्फुरद नद्यांत व तलावांत शेवाळ माजवितें, पाण्यांतील प्राणवायु सरतो आणि मासे मरतात.

यावरील एक उपाय अडचणींतूनच निघाला. बर्लिनजवळ वासमान्सडोर्फ येथें सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना आहे. तेथें पाण्यांतील स्फुरद जिवाणूंकडून शोषवून घेतात. जिवाणूंनीं भरलेला गाळ पुढें बंद टाक्यांत कुजवितात, तेव्हां तें पुन्हां मोकळें होतें. आणि अमोनिया व मॅग्नेशियम यांची गांठ पडली, कीं तिघांचा मिळून कठीण स्फटिक बनतो. यास स्ट्रुव्हाइट म्हणतात. घरच्या बंबांत क्षाराचा थर धरावा, तसा तो नळांत बसून नळ तुंबवूं लागला. मग तेथील लोकांनीं विचार केला, कीं जो दगड बनणारच, तो आपण नेमून देऊं त्या टाकींतच कां बनवूं नये? गाळांत हवा फुंकली म्हणजे कर्बाम्ल वायु उडून जातो व गाळाची आम्लता उतरते. त्यांत मॅग्नेशियमचा क्षार घातला, कीं स्फटिक तयार होऊन तळाशीं बसतात. ते धुऊन व वाळवून खत म्हणून विकतात. हें खत पाण्यांत चटकन् विरघळत नाहीं. पिकाला हळूहळू पुरतें.

गाळ तसाच शेतांत कां घालूं नये, असें कोणी विचारील. गाळाबरोबर शिसें, कॅडमियम असलीं विषारी द्रव्येंही शेतांत जाण्याची भीति असते, हें त्याचें उत्तर.

अर्थात् या रीतीनें गाळांतील थोडेंच स्फुरद मिळतें. गाळ जाळून त्याच्या राखेंतून आम्लाच्या साहाय्यानें काढल्यास पुष्कळ अधिक मिळतें. पण खर्चही वाढतो. खाणींतला दगड स्वस्त असतां हा खटाटोप आपण होऊन कोण करील? म्हणून जर्मनीनें २०१७ सालीं नियमच केला. १ लाखाहून अधिक वस्तीचा भार वाहणाऱ्या कारखान्यांना २०२९ पासून, व ५० हजारांहून अधिक भाराच्या कारखान्यांना २०३२ पासून, गाळांतील स्फुरद परत मिळविण्याची मुदत त्यानें घालून दिली.

शाळेंत असतांना मी मुलांना ब्रांडची गोष्ट फसगतीचा नमुना म्हणून सांगत असें. आतां वाटतें, तो मनुष्य फारसा चुकला नव्हता. आपल्या वाडवडिलांनीं त्या खताला सोन्याचें नांव दिलें, तें कांहीं थट्टेनें नव्हे. शेताकडून घेतलेलें शेताला परत द्यावें, हा व्यवहार ते जाणत होते. मोठ्या शहरांना तो नव्यानें शिकावयाचा आहे.