जलवाहिनीखालची दरड

पनवेलहून बोरघाटाकडे जाताना खोपोलीपाशी घाटमाथ्यावरून उतरणारे प्रचंड पोलादी नळ दृष्टीस पडतात. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी त्यांतून सुमारे ५०० मीटर खाली येऊन टाटांच्या जलविद्युत्केंद्रातील चक्रे फिरविते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. एवढ्या उंचीमुळे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम दाब उत्पन्न होतो. तो नळाचे पोलाद सोसते. नळाचा भार आणि वळणांवरचा रेटा मात्र काँक्रीटच्या ठोकळ्यांमार्फत डोंगरावर येतो. पायाखालचा खडक किंचित जरी सरकला, तरी सांधे ताणले जातात. आणि त्यांतून उसळणारे पाणी तोच उतार पोखरू लागते.

सह्याद्रीचा खडक एकजिनसी नव्हे. कठीण काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये मऊ, सच्छिद्र थर व क्वचित तांबड्या मातीचे पट्टे असतात. मऊ थर झिजून आत जातो. वरचा कठीण थर आधारावाचून पुढे राहतो आणि उभ्या भेगांशी तुटतो. 'दरड' हा शब्द कड्यालाही लावतात आणि त्यातून कोसळलेल्या ढिगाऱ्यालाही. अभियंत्याची सारी खटपट पहिल्या अर्थाची दरड दुसऱ्या अर्थाची होऊ नये ह्यासाठी असते!

खडक केवळ स्वतःच्या भाराने कोसळतो, ही समजूत अपुरी होय. भेगेत १० मीटर पाणी साचले, की तिच्या तळाशी दर चौरस मीटरला १० टन रेटा बसतो. म्हणून माथ्यावर चर खणून पाणी बाजूस वळवितात आणि कड्यात बाहेरच्या बाजूस उतरती छिद्रे पाडून आतले पाणी काढून देतात. सैल दगड आधीच पाडतात. मग सुट्या शिळेतून पलीकडच्या अभंग खडकापर्यंत भोक पाडून पोलादी सळई बसवितात, ती सिमेंटने पक्की करतात आणि बाहेरून पट्टी व चाकी आवळतात. त्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या जाऊन त्यांतील घर्षण वाढते. झिजलेल्या मऊ थराच्या पोकळीत दगडी किंवा काँक्रीटचा टेकू बांधतात. काँक्रीटचा लेप द्यावयाचा तर त्यातही छिद्रे हवीतच. नाहीतर लेपामागे पाणी कोंडते.

१९ जुलै २०१५ रोजी जवळच्याच द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळून प्राणहानी झाली. त्यानंतर तेथील कड्यांवर पोलादी जाळ्या बसविण्यात आल्या. जाळी लहान दगड अडविते, पण मोठी शिळा सळईवाचून थांबत नाही. सळया गंजतात, छिद्रे मातीने बुजतात. सबब दर पावसाळ्यापूर्वी ती मोकळी करावी लागतात.