घरबसल्या डीएनए तपासणी : भरवसा किती ठेवावा?

रविवारची वंदना आटोपली होती. आम्ही आरोग्य पानाची मंडळी नेहमीप्रमाणे विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. वस्तीतल्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. जयभीम झाला आणि त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. मुलीचे लग्न जुळत आले होते. ताईंनी मुलाकडच्यांना सिकलसेलची तपासणी करून घ्यायला सुचवले होते. उत्तरादाखल मुलाने आपला डीएनए अहवाल पाठवला होता. ऑनलाइन किट मागवले, नळीत थुंकी भरून कुरिअरने परत पाठवली आणि काही आठवड्यांनी चाळीस पानांची फाइल आली. "एवढी मोठी तपासणी झाली, सगळं नॉर्मल आहे. आता परत रक्त कशाला काढायचं?" असे तिकडचे म्हणणे होते. ताईंनाही तेच विचारायचे होते.

आम्ही फाइल पानोपान पाहिली. केस गळण्याची शक्यता, दूध पचेल की नाही, कोणता व्यायाम मानवेल, मधुमेहाचा धोका किती, सगळे होते. सिकलसेल हा शब्द मात्र चाळीस पानांत कुठेच नव्हता.

मुलगा खोटे बोलत नव्हता. डीएनए तपासला म्हणजे सगळेच तपासले गेले, असे त्याला वाटले. आपल्या अनेक शिकलेल्या मुलामुलींचा हाच समज आहे, आणि अशा किटवर काही हजार रुपये सहज जातात. म्हणून या वेळी आम्ही या तपासण्यांची थोडी तपासणी करायचे ठरवले. असा अहवाल हातात आला की तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : वाचले किती?

माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. घरगुती किटमध्ये बहुधा जी चिप वापरतात, ती त्यांपैकी आधीच ठरवलेली सहा-सात लाख अक्षरे वाचते. म्हणजे साधारण साडेचार हजारांत एक. जनगणनेला आलेल्या माणसाने मोठ्या वस्तीतली ठरावीक चार दारे वाजवावीत आणि "इथे कोणी आजारी नाही" असे लिहून निघून जावे, तसे हे आहे. ज्या दारांवर थाप पडली, तेवढ्यांचीच माहिती खरी. बाकीच्या घरांबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

स्तनाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. बीआरसीए नावाच्या जनुकांतले एक हजाराहून जास्त बदल माहीत आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीला त्यांतले फक्त तीन तपासायची परवानगी दिली. हे तीन बदल मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत आढळतात. आपल्या वस्तीतल्या एखाद्या बाईचा हे तीनच बदल तपासणारा अहवाल "आढळले नाही" असा आला, तर तिला धोका नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तिच्या आईला किंवा मावशीला कॅन्सर झाला असेल, तर तिने डॉक्टरांकडेच जायला हवे.

दुसरा प्रश्न : वाचलेले बरोबर आहे का?

सर्वत्र आढळणारी अक्षरे ही यंत्रे बहुतेक वेळा बरोबर वाचतात, हे मान्य केले पाहिजे. आई-वडील, भावंडे अशी जवळची नातीही ती चांगली ओळखतात. ती घसरतात दुर्मीळ बदलांपाशी, आणि गंभीर आजार बरेचदा अशाच दुर्मीळ बदलांतून येतात. २०१८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने ४९ जणांचे नमुने पुन्हा तपासले. घरगुती किटच्या कच्च्या माहितीत या लोकांना आजाराशी जोडलेले बदल दाखवले होते. फेरतपासणीत त्यांपैकी ४० टक्के बदल मुळात नव्हतेच. नसलेल्या आजाराच्या भीतीने माणूस किती रात्री जागतो, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न : अर्थ कोणी लावला?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे एका अक्षराने होत नाहीत. शेकडो जनुके, खाणे, तंबाखू, काम, झोप, ताण आणि वस्तीतली हवा यांचा मिळून तो परिणाम असतो. कंपनी त्यातली काही अक्षरे घेऊन धोक्याचा अंदाज बांधते, आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. २०१० साली अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाने चार कंपन्यांची परीक्षा घेतली. एकाच माणसाला प्रोस्टेट कॅन्सर आणि रक्तदाबाचा धोका कोणी सरासरीपेक्षा कमी सांगितला, कोणी सरासरीइतका, तर कोणी जास्त. दुसऱ्या एकाला हृदयाचे ठोके अनियमित असल्याने १३ वर्षांपूर्वीच पेसमेकर बसवलेला होता. त्याच आजाराचा धोका तुम्हाला कमी आहे, असे त्याला कळवण्यात आले! २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्वेंटीथ्री अँड मीला आरोग्य अहवालांची विक्री थांबवायला सांगितले. पुढे एकेका तपासणीची परवानगी टप्प्याटप्प्याने मिळाली.

आपल्यासाठी अडचण आणखी मोठी आहे. धोक्याचे हे हिशोब ज्या अभ्यासांवर उभे आहेत, त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेले गणित आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्या देशात 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८० हून अधिक समाजगटांतल्या १० हजार लोकांचे जीनोम वाचले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ही चांगली सुरुवात आहे.

वंशाचे टक्के

काही किट "तुमचे पूर्वज इतके टक्के अमुक" असेही सांगतात. कंपनी तुमची अक्षरे आजच्या काळातल्या काही लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि अंदाज काढते. नमुने बदलले की टक्के बदलतात. २०१९ साली कॅनडातल्या एका पत्रकार महिलेने आपल्या एकसारख्या जुळ्या बहिणीसोबत पाच कंपन्यांकडे नमुने पाठवले. कंपन्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि काही ठिकाणी दोघी बहिणींचेही जुळले नाहीत.

अशा टक्क्यांवरून कोणी उच्च-नीच ठरवू लागला, तर बाबासाहेबांची आठवण ठेवावी. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धांत त्यांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात खोडून काढला, आणि तोही त्या काळी उपलब्ध असलेल्या नाकाच्या मोजमापांचाच आधार घेऊन.

माहिती कोणाच्या हाती?

डीएनए एकट्याचा नसतो. त्यात आई-वडील, भावंडे, मुले यांचाही वाटा असतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि आपल्या माहितीचे पुढे काय, हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

मग आपल्या घरात काय करावे?

विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि हे कोणाच्या मागच्या जन्मीचे पापही नाही. एक बदललेले जनुक असलेला माणूस वाहक असतो. तो बहुधा ठणठणीत असतो. दोन्ही जनुके बदललेली असली की आजार होतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक होण्याची ५० टक्के. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढच्या वेळचा धोका कमी होत नाही.

यासाठी चाळीस पानांचा अहवाल लागत नाही, थोडे रक्त लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. मात्र या तपासणीलाही वरचेच प्रश्न विचारायचे आहेत :

• सोल्युबिलिटी ही पहिली, झटपट चाचणी आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तिच्यावर विसंबू नये.

• ती चाचणी पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावीच.

• लग्नाआधी दोघांचीही एचपीएलसी केलेली बरी. थॅलेसेमियाचा वाहकही त्यात बहुधा सापडतो. सोल्युबिलिटीत तो सापडत नाही. एक जण सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी बाळाला आजार होऊ शकतो.

• अलीकडे रक्त चढवले असेल, तर तपासणीआधी सांगावे. निकाल चुकू शकतो.

• घरगुती डीएनए अहवालावरून चालू गोळ्या बंद करू नयेत, ऑपरेशन ठरवू नये, सोयरीक मोडू नये. आधी डॉक्टरांना दाखवून योग्य प्रयोगशाळेत खात्री करावी.

ताईंना आम्ही एवढेच सांगितले. पुढच्या आठवड्यात मुलगा आणि मुलगी दोघेही एकत्रच सरकारी दवाखान्यात गेले आणि दोघांनीही रक्त दिले. निकाल काय आला, हे आम्ही विचारले नाही आणि इथे लिहिणारही नाही. तो त्या दोघांचा आहे. निर्णयही ते दोघे मिळूनच घेतील, आणि तो अंदाजावर नव्हे तर खात्रीच्या कागदावर घेतील, याचे आम्हाला समाधान आहे.